झाकणाच्या आतलं पाणी

फोन आला तेव्हा चिझुरू ‘कामोमे’ हे यान हरवल्याचं पत्र लिहीत होती. कामोमे अजून हरवलं नव्हतं. ते चंद्राभोवती निमूटपणे घिरट्या घालत होतं, त्याच्या पोटातलं लोकांचं सामान शाबूत होतं आणि गुरुवारी दुपारी ते खाली उतरायचं होतं. पण कंपनीची रीत अशी की उतरण्याआधीच दोन पत्रं तयार ठेवायची, एक आनंदाचं आणि एक दुसरं. आनंदाचं पत्र कसुगा-सान स्वतः लिहिणार होते. दुसरं चिझुरूकडे आलं, कारण चंद्रावर सामान धाडणाऱ्या गिऱ्हाइकांना सांभाळण्याचं काम तिचं. शिवाय कसुगा-सान म्हणाले होते की नोबुहारा-सान, वाईट बातमी सांगायला तुमच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. कसुगा-सान तिचे साहेब, वयानं तिच्याहून चांगले दहा-बारा वर्षांनी लहान. हे कौतुक होतं की टोमणा, ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं. चिझुरू ‘कळवण्यास अत्यंत खेद होतो की’ इथपर्यंत आली होती आणि पुढे कोणतं क्रियापद घालावं याचा विचार करत होती. ‘नष्ट झालं’ फार कठोर वाटत होतं. ‘संपर्क तुटला’ म्हटलं तर गिऱ्हाईक लगेच विचारणार, मग जोडणार कधी? तेवढ्यात टेबलाच्या खणात फोन घुरघुरला. मिसाकीहून आई. आई कामाच्या वेळात कधी फोन करत नसे. मुलगी हापिसात असताना फोन करणं तिच्या लेखी उद्धटपणाच होता.

“चिझु, जेवलीस का?”

“जेवायचंय अजून. काय झालं?”

“काही नाही झालं. सांगून ठेवते तुला, आजपासून तुझ्या बाबांचं पान बंद केलं.”

“बंद म्हणजे?”

“बंद म्हणजे बंद. आता ते तुमचं आहे ना, पक्ष्याचं नाव ठेवलेलं, त्याचं मांडते. तेसुद्धा घराबाहेरच आहे की. किती महिने झाले म्हणालीस. तिकडे हापिसात कुणी मांडतं का त्याचं?”

“आई, ते यंत्र आहे.”

“यंत्र आहे ते कळतं गं मला. खुळी नाही झाले अजून. बरं, ठेवते, दारात भाजीची गाडी आलीय.”

चिझुरूनं फोन उलटा करून टेबलावर ठेवला. समोर पडद्यावर अर्धं वाक्य तसंच होतं. आजूबाजूला नेहमीची कुजबुज चालू होती, कुणीतरी छापण्याच्या यंत्रात कागद भरत होतं. तिला वाटलं भूक लागलीय, म्हणून ती खाली उतरली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून भात आणि भाजलेल्या माशाचा डबा घेतला. काउंटरवरच्या मुलीनं नेहमीसारखं विचारलं, गरम करून देऊ का, आणि तिनं नेहमीसारखं सांगितलं, नको. कालव्याकाठच्या बाकावर बसून दोन घास खाल्ल्यावर तिच्या लक्षात आलं की ही भूक नव्हतीच. पोटात काहीतरी होतं ते कुणीतरी उचलून नेलं होतं, आणि नेताना तिला विचारलं नव्हतं. तिला आईचा राग आला. हा राग विचित्र होता, कारण ते पान बंद व्हावं असं ती स्वतःच गेली कित्येक वर्षं म्हणत आली होती.

घरातलं माणूस लांबच्या प्रवासाला गेलं की त्याच्या नावानं रोज एक पान मांडायचं, त्याला कागेझेन म्हणत. मिसाकीच्या त्यांच्या गल्लीत एके काळी घरोघरी अशी पानं मांडलेली असत, कारण घरोघरचे पुरुष ट्यूनाच्या बोटींवर जात ते दहा-दहा महिने, दक्षिणेकडे, जिथे नकाशावर नुसतं निळं असतं तिथे. त्यांच्या घरात स्वयंपाकघर एक पायरी खाली होतं. आई खालून वर येई ती दोन्ही हातांत ताट घेऊन, पायानं सरकतं दार सारत, आणि समुद्राकडच्या खिडकीपाशी बाबांच्या बसायच्या उशीपुढे ते ताट ठेवी. भात, मुळ्याचं लोणचं, घरात असेल तो मासा, आणि काळ्या लाखेच्या वाटीत झाकण घातलेलं मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचं, सार. मासा कुठलाही चाले, पण ट्यूना नाही. तिकडे रोज तेच तोंड बघत असतील, आई म्हणायची. घरच्यांची जेवणं उरकली की आई झाकण उचलून उताणं करी. आतून थेंब जमलेले असले की माणूस सुखरूप. कोरडं निघालं तर काय, हे कुणी बोलत नसे, कारण कोरडं कधी निघालंच नव्हतं. मग ते पान चिझुरूनं संपवायचं. बाहेरगावच्या माणसाचं अन्न टाकायचं नाही आणि आईच्या मते ते लेकराच्या अंगी लागतं. भात गार, मासा गार, सारातला मिसो खाली बसून वर नुसतं पाणी आलेलं. तिचं सगळं लहानपण असं बाबांचं गार जेवण जेवण्यात गेलं. पुढे तोक्योत एकटी राहायला आल्यावर अन्न गरम करायचं असतं हे तिला आठवायचंच नाही.

ती नऊ वर्षांची होती तेव्हा एका संध्याकाळी बोटीचा ठावठिकाणा आला नाही. रोज संध्याकाळी मच्छीमारांच्या संस्थेत रेडिओवर सगळ्या बोटी आपापला ठावठिकाणा सांगत, आणि तिथला माणूस तो भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिही. बाबांच्या बोटीच्या नावापुढची जागा मोकळी राहिली. दुसऱ्या दिवशीही मोकळी. आदल्या दिवशीच बोलणं झालं होतं, समुद्र शांत आहे, सगळे बरे आहेत. मग वादळ नाही, धडक नाही, काहीच नाही, नुसती फळ्यावरची मोकळी जागा. बायका संस्थेच्या पडवीत येऊन बसत आणि स्वयंपाकाच्या वेळेला उठून जात. पुढे कधीतरी संस्थेनं सगळ्यांना बोलावून सांगितलं की बोट बुडाल्याचं मानण्यात येत आहे. सांगणारा माणूस माफी मागत बराच वेळ वाकून उभा राहिला आणि त्याच्या कानामागे खडू लागलेला होता, एवढंच चिझुरूला त्या दिवसाचं आठवतं. मग एकेका घरात दहनाशिवायच अंत्यविधी झाले. अस्थींच्या जागी कुणी दाढीचा ब्रश ठेवला, कुणी सदरा. आई काळा किमोनो घालून प्रत्येकाकडे गेली, प्रत्येकीजवळ बसली, रडलीसुद्धा. घरी येऊन तिनं सार उकळलं आणि बाबांचं पान मांडलं. देवळातले भिक्षू चहाला आले आणि आडून आडून सुचवू लागले की आता पितरांच्या देव्हाऱ्यात फोटो ठेवला तर बरं, त्यांनाही शांती मिळेल. आई म्हणाली, “मानतात म्हणजे माहीत नाही. माहीत झालं की बघू.” भिक्षूंनी चहा संपवला आणि त्यानंतर कधी विषय काढला नाही.

अकराव्या वर्षी शाळेत वाफेचा धडा झाला. चिझुरू घरी आली ती दप्तर न ठेवताच आईला म्हणाली, “ती नुसती वाफ असते. गरम सारावर झाकण ठेवलं की पाणी जमणारच. बाबांचा काही संबंध नाही.” आई मुळा चिरत होती. तिनं मान वर केली नाही. “माहीत आहे मला,” ती म्हणाली, “म्हणून तर उकळून वाढते.” आईला धडा कळलेलाच नाही असं चिझुरूला तेव्हा वाटलं. तरुणपणी, जहाजांनी माल पाठवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला असताना, हापिसच्या पार्ट्यांत ती ही गोष्ट रंगवून सांगे आणि लोक हसत. एकदा सांगता सांगता मध्येच तिला वाटलं की आपण कुणाच्या तरी खिशातलं काढून दाखवतोय, आणि तेव्हापासून तिनं ती सांगणं सोडलं.

कालव्यातून एक पडाव संथपणे गेला. चिझुरूनं डबा बंद केला. तिला आता कळत होतं की तिचा राग कशाचा आहे. जोवर ते पान मांडलं जात होतं तोवर बाबा बाहेरगावी होते. ती स्वतः यातलं काही मानत नव्हती, तिला मानायची गरजच नव्हती, कारण मिसाकीला आई होती आणि आई ते काम करत होती. चिझुरूनं तोक्योत खुशाल हुशार राहावं, वाफेचे धडे सांगावेत, बुडालेल्या बोटींचे आकडे वाचावेत. तिकडे रोज दुपारी झाकणावर थेंब जमत होते. आणि आज एका फोनवर, भाजीची गाडी दारात थांबलेली असताना, बाबा मेले. तेही जागा रिकामी करायची म्हणून, एका ॲल्युमिनियमच्या पेटाऱ्यासाठी. तिच्या स्वतःच्याच कंपनीच्या.

दुपारी चहाच्या यंत्रापाशी मुनाकाता भेटला. मुनाकाता नियंत्रणकक्षात बसे, कामोमेच्या इंधनाच्या टाक्या तो सांभाळी, आणि हापिसात चिझुरूशी सलगीनं बोलणारा तो एकटाच. तिनं हसत हसतच सांगितलं की आमच्या आईनं कामोमेचं पान मांडायला घेतलंय.

“अरे वा. काय असतं पानात?”

“भात, सार, लोणचं.”

“मग त्यांना म्हणावं, मीठ जरा बेतानं. टाकीचं प्रेशर आधीच चढलंय.” तो कपात फुंकर मारत म्हणाला. मग थोडा थांबून, “खरं सांगू का नोबुहारा-सान, बरं वाटलं. इथे सगळे त्याच्यावर लक्ष ठेवून आहेत, पण जेवलास का म्हणून कुणी विचारत नाही.”

आपणही हसावं असं तिला वाटलं आणि ती हसली. बाबांचं बंद केलं, हे मात्र तिच्या तोंडातून बाहेर पडलं नाही. जागेवर परत येऊन तिनं पत्रातलं वाक्य पुरं केलं: संपर्क पुन्हा प्रस्थापित होण्याची शक्यता नाही असे आम्ही मानतो. ‘मानतो’ लिहिल्यावर तिचा हात थोडा वेळ तसाच राहिला. दुसरा शब्द काही सापडेना.

गुरुवारपर्यंत तिनं आईला फोन केला नाही. आईनंही केला नाही. रात्री अंथरुणात पडल्यावर नवीन वर्षाच्या सुट्टीतलं घर तिच्या डोळ्यांपुढे येई. तेव्हा पान होतं का? होतं. आईनं ते कधी मांडलं हे तिनं पाहिलं नव्हतं, ती झोपून राहिली होती. आई जरा बारीक दिसत होती. चहा अर्धाच कप ओतत होती, स्वतःलाही आणि लेकीलाही, आणि चिझुरूनं चेष्टेनं म्हटलं होतं, एवढी काटकसर कशाला, मी काय चहाचे पैसे देत नाही का? आई हसली होती. आईनं एवढी वर्षं धरून ठेवलेलं माणूस आता का सोडावं? थकली म्हणून? की तिला काही कळलं? म्हाताऱ्या माणसांना शेवटी शेवटी काही कळतं म्हणतात. चिझुरूला भीती वाटली, आणि ती बाबांबद्दल नव्हती, आईबद्दल होती. पान बंद करणारं माणूस बहुधा स्वतःच निघायच्या तयारीत असतं. उद्या फोन करू, असं ती ठरवी आणि सकाळी गिऱ्हाइकांचे फोन सुरू होत. विद्यापीठातली मुलं त्यांच्या चाकांच्या खेळण्याएवढ्या गाडीची चौकशी करत. सुमिदातले रबराच्या कड्या बनवणारे म्हातारे तोकुनागा-सान रोज त्यांच्या एका कडीची चौकशी करत. चंद्रावरच्या थंडीत आपलं रबर तडकतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

“तिथे ताब्यात कोण घेणार हो सामान?” त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

“कुणी नाही. तिथे कुणी नसतं.”

“मग पोचलं असं म्हणायचं कुणी?”

“ते स्वतःच सांगतं,” चिझुरू म्हणाली होती.

गुरुवारी दुपारी सगळी कंपनी मोठ्या खोलीत जमली. खिडक्यांचे पडदे ओढले होते तरी फटीतून ऊन येत होतं. समोरच्या मोठ्या पडद्यावर आकडे उतरत होते, उंची, वेग, पुन्हा उंची. मुनाकाताची पाठ तिला दिसत होती, सदरा घामानं चिकटलेला. आकडे नीट उतरत गेले, अगदी शहाण्यासारखे, आणि शेवटचे थोडे उरले असताना थांबले. पुसले गेले नाहीत, लाल झाले नाहीत, होते तिथे थांबले. वेगापुढे एक आकडा, उंचीपुढे एक आकडा. चिझुरूला फळा आठवला नाही. फळ्यावर निदान मोकळी जागा होती. इथे काहीतरी लिहिलेलं होतं आणि ते आता खरं नव्हतं. लोक उभेच राहिले. मुनाकाताची माणसं पुन्हा पुन्हा हाक मारत राहिली, अँटेना बदलून, शब्द बदलून. बऱ्याच वेळानं कसुगा-सान तिच्याजवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “नोबुहारा-सान, दुसरं पत्र.” त्यांच्या ओठांना रंग नव्हता. हा माणूस तरुण आहे, आणि आज रात्री टीव्हीवर सगळ्या देशापुढे वाकून उभा राहणार आहे, हे तिच्या पहिल्यांदाच नीट ध्यानात आलं.

पत्र गेलं, पण पत्रानं भागत नाही. एकेकाला फोन करावा लागतो. विद्यापीठातली मुलं रडली आणि रडल्याबद्दल माफी मागत राहिली. तोकुनागा-सानांच्या फोनमागे त्यांच्या कारखान्यातली यंत्रं ऐकू येत होती.

“म्हणजे नक्की काय झालं? आपटलं का?”

“तसं मानायला जागा आहे.”

“बघितलं कुणी?”

“नाही. बघणारं तिथे कुणी नाही.”

“मग असंही असेल की उभं आहे आणि बोलता येत नाहीय.”

गिऱ्हाइकांना खोटी आशा दाखवायची नाही, हा नियम चिझुरूनंच लिहिलेला होता. “तशी शक्यता फार कमी आहे, तोकुनागा-सान.”

“असू दे,” म्हातारे म्हणाले. “कडी चांगली आहे हो ती. आपटली तरी तिला काही होणार नाही.” आणि त्यांनीच तिची समजूत घातल्यासारखं दोनदा आभार मानून फोन ठेवला.

शनिवारी सकाळी ती मिसाकीला गेली. गाडीच्या शेवटच्या स्टेशनावर उतरून बसनं बंदरापर्यंत, तिथून चढ. वाटेभर ती आईला काय विचारायचं ते जुळवत होती. तिच्या मनात एक सबंध खटला तयार होता. पण दार उघडल्यावर आई म्हणाली, “ये, दमली असशील,” आणि खटल्याचं पहिलं वाक्यच हरवलं. आई खरंच बारीक झाली होती.

“टीव्हीवर दाखवलं,” आई आत जात म्हणाली. “तुमचे साहेब फार वेळ वाकले. पोरगेलेसेच आहेत की. पाठ भरून आली असेल.”

वरच्या खोलीत बाबांची उशी खिडकीपाशी होती. पुढे ताट नव्हतं. चिझुरू तिच्या बाजूला बसली आणि समुद्राकडे बघत राहिली. आईनं अर्धा कप चहा आणून ठेवला. कप ठेवताना बशी वाजली, आणि बराच वेळ वाजत राहिली.

“आता त्याचं मांडायचं की नाही, तूच सांग,” आई म्हणाली. “तुमच्या पक्ष्याचं. काल नाही मांडलं मी. कळेना.”

“कंपनीनं हरवलं असं मानलंय.”

“मानलंय होय.” आई गुडघ्यावर हात ठेवून बसली होती. तिनं एक हात दुसऱ्या हाताखाली घेतला. “चिझु, एक सांगायचंय. रागावू नकोस. कोमट वाढलं गं मी.”

“काय कोमट?”

“सार. तुमच्या त्याला रोज कोमट वाढलं. म्हटलं यंत्रच आहे, त्याला काय कळतंय. गुरुवारी तर झाकण कोरडंठाक निघालं आणि संध्याकाळी टीव्ही लावते तर हे.” तिनं मान खाली घातली. “एवढ्या लोकांचं सामान होतं त्यात. तू एवढी राबलीस. सांगायला पाहिजे होतं मी तुला.”

हापिसात त्या घटकेला तीन खोल्यांत माणसं कारण शोधत बसली होती. उंची मोजणारं यंत्र चुकलं की आज्ञावली चुकली, यावर आवाज चढले होते. आणि इथे एक म्हातारी सगळा दोष आपल्या पदरात घेऊन माफी मागत होती. चिझुरूला हसू आलं नाही. तिला एकदम दिसलं की आईच्या डाव्या पावलावर, मोज्याच्या वर, कातडी गुळगुळीत आणि गुलाबी आहे.

“हे काय झालं?”

“ते जुनंय. पायरी चढताना सांडलं. हात ऐकत नाही आता.” आईनं मोजा वर ओढला. “मग मी निववून न्यायला लागले, अर्धी वाटी. चार थेंब तरी धरायचे. नंतर तेवढेही धरेनात. एक दिवस झाकण उचललं तर कोरडं. तुझ्या बाबांचं. मी लगेच झाकून टाकलं परत.” तिनं रिकाम्या उशीकडे पाहिलं. “इतक्या वर्षांत नाही बघितलं मी तसं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायची हिंमत होईना. म्हणून बंदच केलं. पण दुपार झाली की हात रिकामे राहतात गं. म्हटलं, यंत्राचं कोरडं निघालं तर आपल्याला काही वाटणार नाही. वाटलं पण.”

आठ दिवस ती ज्या माणसावर रागावली होती त्या माणसानं बाबांना सोडलंच नव्हतं. त्यांचं मरण बघायला लागू नये म्हणून झाकण तेवढं मिटून घेतलं होतं, आणि पोटच्या पोरीला फोन करून सांगितलं होतं ते असं, जसं काही किरकोळच आहे. आणि ही पोरगी त्याच पोळलेल्या पायाच्या आईला चहाच्या काटकसरीवरून चिडवून गेली होती. आईला उंची मोजणाऱ्या यंत्राबद्दल समजावून सांगावं असं तिच्या मनात आलं आणि गेलं. ती उठली.

“मिसो कुठे ठेवलायस?”

“कशाला आता? मी करते की.”

“बस तू.”

स्वयंपाकघर होतं तसंच होतं. तिनं पाणी चढवलं, मुळा चिरला, मिसो विरघळवला. उकळल्यावर मिसोची चव जाते असं सगळे म्हणतात. या घरात तो नेहमी खळखळून उकळलेला असे आणि कुणी तक्रार केलेली नव्हती. फडताळातून तिनं काळी वाटी काढली, मग थांबून आणखी एक काढली. काठोकाठ भरून झाकणं घातली. पहिली वाटी दोन्ही हातांत धरून ती पायरीपाशी आली आणि बोटं पोळायला लागली. तिच्या धडधाकट हातांनासुद्धा ती पायरी जड गेली. आई रोज ही चढत होती. चिझुरू तशीच मागे फिरली आणि वाटी खालच्या टेबलावर ठेवली.

“आई, बाबांची उशी खाली घेऊन ये.”

“खाली?” आई दारात येऊन उभी राहिली. “स्वयंपाकघरात?”

“इथेच बसवू त्यांना. चुलीजवळ. म्हणजे चढायला नको.”

आई उशी छातीशी धरून उभी होती. एवढ्या वर्षांत हे तिला सुचलंच नव्हतं, आणि आता सुचवलं होतं तरी पटत नव्हतं. “इथून समुद्र दिसत नाही गं.”

“समुद्राचं काय घेऊन बसलीस,” चिझुरू म्हणाली. “तो बघतायतच ते रोज.”

आई तिच्याकडे बघत राहिली. मग ती हसली, पहिल्यांदा अगदी थोडं आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. एका हातानं खांब धरून ती पायरी उतरली आणि तिनं उशी चुलीजवळच्या खुर्चीवर ठेवली. ठेवल्यावर ती दोनदा थापटून सारखी केली. टेबलावरच्या दोन वाट्यांकडे बघून म्हणाली, “दुसरी कुणाची?”

“पक्ष्याची.”

“बरं केलंस,” आई म्हणाली. “नाहीतर त्याला वाटलं असतं, हिनं कोमटच वाढलं.”

त्या दोघी बसल्या. बाहेर मासळी बाजाराचा भोंगा झाला. झाकण उचलायला दोघींनाही घाई नव्हती. शेवटी आईनंच हात पुढे केला, चिझुरूनं तो धरला नाही. थरथरत्या बोटांनी आईनं बाबांच्या वाटीवरचं झाकण उचललं आणि उताणं केलं, आणि थेंब झाकणावरून ओघळून टेबलावर सांडले. आईनं ते बाहीनं पुसले.

“वाफ आहे गं ती,” ती म्हणाली. तिच्या तोंडावर मिश्कील भाव होता.

“माहीत आहे मला,” चिझुरू म्हणाली. “म्हणून तर उकळून वाढलं.”

आईनं पक्ष्याची वाटी स्वतःकडे ओढली आणि बाबांची लेकीपुढे सरकवली. चिझुरूनं सवयीनं ती बाजूला ठेवली, थोड्या वेळानं पिऊ म्हणून.

“आता कुणाची वाट बघतेस?” आई म्हणाली. “जेव. निवून जाईल.”

चिझुरूनं वाटी उचलून ओठांना लावली. बाबांच्या पानातलं सार तिनं कधी गरम प्यायलं नव्हतं. पहिल्याच घोटाला तिची जीभ पोळली, डोळ्यांतून पाणी आलं, पण तिनं वाटी खाली ठेवली नाही.

“फुंकून पी,” आई म्हणाली.